कृष्णगिरीचें पाणी आणि साष्टीचें रान

कान्हेरीच्या लेण्यांवर गेल्या दोनशें वर्षांत पुष्कळ लिखाण झालें. ज्या रानांत तीं लेणीं आहेत त्या रानाच्या इतिहासावर त्याच्या शतांशहि झालेलें नाहीं. शिलालेख वाचणाऱ्यांनीं दगडाकडे पाहिलें, झाडांकडे पाहिलें नाहीं. झाडें व पशुपक्षी यांचा अभ्यास करणाऱ्यांनीं शिलालेख हा आपला विषय मानला नाहीं. याचा परिणाम असा झाला कीं, साष्टी बेटाच्या मध्यभागीं पसरलेल्या व हल्लीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सुमारें १०३ चौरस किलोमीटर अरण्यासंबंधानें दोन समजुती रूढ होऊन बसल्या आहेत. पहिली अशी कीं, हें अरण्य म्हणजे मुंबई वसण्यापूर्वींच्या आदिम वनाचा, मनुष्याचा हात न लागलेला असा अवशेष होय. दुसरी अशी कीं, ही शहराच्या पोटांत रिकामी पडलेली जागा असून तिचा कांहीं तरी उपयोग करून घेणें शहाणपणाचें आहे. पहिली समजूत रानावर प्रेम करणाऱ्यांची, दुसरी जमिनीचा भाव पाहणाऱ्यांची. वरवर पाहतां त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. परंतु या डोंगरावर पूर्वीं कोणी नव्हतें हें दोघीहि गृहीत धरतात, आणि तेथेंच दोघींचा पाया ढासळतो. शिलालेख, ताम्रपट, प्रवाशांचीं वर्णनें व गेल्या दीड शतकांतील सरकारी दप्तर हीं साधनें एकत्र मांडून पाहिलीं असतां असें दिसतें कीं, हें रान किमान दोन हजार वर्षें माणसाच्या व्यवहारांत आहे, आणि तें टिकलें तें मुख्यतः पाण्यामुळें. हा मुद्दा प्रस्तुत लेखांत साधार मांडावयाचा आहे.

इतवारीसारख्या नागपूरच्या व्यापारी पेठेंत, समुद्रापासून दोन-अडीचशें कोसांवर बसून साष्टीविषयीं लिहिणें कोणास विचित्र वाटेल. परंतु कृष्णगिरीचा त्रैकूटककालीन ताम्रपट आणि उत्तर कोंकणच्या शिलाहारांचे लेख यांचें प्रमाणभूत संपादन म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं नागपुरांत राहूनच केलें. पहिलें १९५५ सालीं व दुसरें १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां कोंकणच्या डोंगराची एक वाट नागपूरवरून जाते, हें वाचकांनीं मान्य करावें.

प्रथम बेटाच्या नांवाचा विचार करूं. शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट याच डोंगराच्या पूर्व पायथ्याशीं भांडुप येथें सांपडला. त्यांत दान दिलेलें शेत ज्या गांवीं होतें तें गांव ‘षट्षष्टि’ नांवाच्या विषयांत असल्याचें म्हटलें आहे. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट. सहासष्ट गांवांचा जो प्रदेश तो षट्षष्टि विषय. यावरून सासष्टी, आणि दोन सकार लागोपाठ आल्यानें त्यांतील एक गळून साष्टी. पोर्तुगीजांच्या जिभेवर याचेंच सालसेत झालें. गोव्यांतील सासष्टीचीहि हीच व्युत्पत्ति सांगतात. आतां ज्या बेटाचें नांवच मुळीं गांवांच्या संख्येवरून पडलें, तें बेट मनुष्यस्पर्शापासून अलिप्त होतें असें म्हणणें कितपत सयुक्तिक आहे, हें निराळें सांगावयास नको.

हें बेट आहे याचेंच विस्मरण हल्लीं झालें आहे. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस उल्हास नदीचा फांटा व ठाण्याची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी अशा त्याच्या चतुःसीमा. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पुरा झाला, माहीमचा १८४५ सालीं, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली. त्यानंतर साष्टी व मुंबई हीं दोन बेटें आहेत ही गोष्ट मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवावी लागूं लागली. बेटाच्या मधोमध दक्षिणोत्तर डोंगराची ओळ आहे. तिचें सर्वांत उंच शिखर जांभूळमाळ सुमारें ४८० मीटर उंच आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या चारहि नद्या याच डोंगरांत उगम पावून पश्चिमेकडे वाहतात. उत्तरेच्या टोकास नागला येथें हें अरण्य उतरत उतरत थेट वसईच्या खाडीच्या चिखलापर्यंत जातें, आणि सागाच्या रानांतून निघालेला मनुष्य घटका दोन घटकांत तिवरांच्या झाडींत येऊन उभा राहतो. डोंगर व खाडी अशीं दोन्ही प्रकारचीं रानें एकाच उद्यानांत असणें ही या बेटाची विशेष गोष्ट होय.

लेण्यांच्या डोंगराचें नांव संस्कृत लेखांत कृष्णगिरि व प्राकृत लेखांत कण्हसेल असें येतें. ‘कृष्ण’ याचें प्राकृतांत ‘कण्ह’ होतें, ‘गिरि’ यांतील गकार समासांत लोपतो, आणि कण्हइरि यावरून कान्हेरी हें रूप सिद्ध होतें. वर्गांत वर्णविकार शिकवितांना हें उदाहरण फार उपयोगीं पडे. कृष्ण म्हणजे काळा. डोंगराचा पाषाण काळा म्हणून तो कृष्णगिरि. या नांवाचा गोकुळाशीं संबंध जोडण्याची हौस कांहीं जणांस असते, ती सोडून द्यावी हें बरें.

या काळ्या पाषाणाचा एक गुण व एक दोष आहे. गुण हा कीं तो कोरतां येतो. दोष हा कीं पावसाचें पाणी तो आपल्या पोटांत फारसें ठेवीत नाहीं. साष्टींत चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुढें आठ महिने थेंब पडत नाहीं. फाल्गुन उजाडला कीं ओढे कोरडे पडूं लागतात. अशा डोंगरावर शंभराहून अधिक लेणीं खोदून त्यांत शेंकडों भिक्षूंनीं शतकानुशतकें राहावयाचें म्हणजे पाण्याची व्यवस्था ही लेण्याच्या छतापेक्षांहि अधिक महत्त्वाची. ती कशी केली हें आजहि डोळ्यांनीं पाहतां येतें. बहुतेक लेण्याच्या तोंडाशीं, एका बाजूस, खडकांत टाकें खोदलेलें आहे. वरच्या उतारावर पन्हळी कोरून पावसाचें पाणी त्यांत आणलें आहे. आणि टाक्याचें तोंड पोटापेक्षां लहान ठेवलें आहे, म्हणजे ऊन आंत शिरूं नये व पाणी उडून जाऊं नये. प्राकृत लेखांत या टाक्यास ‘पोढि’ हा शब्द आहे. दान देणारा सावकार असो, सोनार असो कीं भिक्षुणी असो, ‘लेण’ आणि ‘पोढि’ हीं दोन दानें पुष्कळ वेळां जोडीनेंच सांगितलेलीं असतात. लेणें दिलें आणि पाणी दिलें नाहीं तर तें दान अपुरें, असाच त्या काळचा समज दिसतो.

या टाक्यांपैकीं एकाचा लेख राजकीय इतिहासांत प्रसिद्ध आहे. तो संस्कृतांत आहे, ही गोष्टहि दक्षिणापथांतील त्या काळच्या मानानें विशेष होय. वासिष्ठीपुत्र सातकर्णि याची राणी, जी कार्दमक कुळांत जन्मली व जी एका महाक्षत्रपाची कन्या होती, तिच्याशीं संबद्ध असा हा लेख असून शतेरक नांवाच्या अमात्यानें दिलेल्या ‘पानीयभाजना’ची, म्हणजे पाण्याच्या टाक्याची, नोंद त्यांत आहे. महाक्षत्रपाच्या नांवाचें पहिलें अक्षर ‘रु’ एवढेंच शिल्लक असल्यानें तो रुद्रदामन् असावा असें विद्वान् मानतात. रुद्रदामन्‌नें आपल्या जुनागडच्या लेखांत दक्षिणापथपति सातकर्णीस दोनदां जिंकूनहि निकटच्या संबंधामुळें उखडून टाकलें नाहीं असें सांगितलें आहे. तो संबंध कोणता, हें कान्हेरीच्या टाक्यानें आपणांस कळविलें. आणि गंमत अशी कीं, जुनागडचा तो लेखहि सुदर्शन तलावाच्या फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीचा आहे. सातवाहन व क्षत्रप या दोन घराण्यांची सोयरीक इतिहासास समजली ती एका टाक्यावरून आणि एका तलावावरून. राजे लोक विजय कोठें कोरीत असतील तें असो, पण जें टिकलें तें पाण्याच्या कांठचें.

दुसरा एक लेख आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहूनहि मोलाचा आहे. गौतमीपुत्र श्रीयज्ञ सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षांत कल्याणच्या एका उपासकानें कण्हसेलावर लेणें दिलें व त्याच्या खर्चासाठीं मंगलठाण गांवचें शेत लावून दिलें. हें मंगलठाण म्हणजे बोरिवलीजवळचें आजचें मागाठाणें होय, यांत विद्वानांचा मतभेद नाहीं. डोंगरावर टाकें व लेणें, पायथ्याशीं शेत, आणि शेताच्या उत्पन्नांतून वर्षावासास राहिलेल्या भिक्षूच्या चीवराची तरतूद, अशी ही बांधणी होती. डोंगर व गांव यांच्या मध्यें भिंत नव्हती, लेनदेन होती. डोंगरमाथ्यावरचें रान भिक्षूंनीं राखलें असें कोणत्याहि लेखांत स्पष्ट सांगितलेलें नाहीं. परंतु जेथें प्रत्येक थेंब वरच्या उतारावरून पन्हळीनें टाक्यांत आणावयाचा, तेथें तो उतार उघडा बोडका करणें म्हणजे टाक्यांत गाळ भरणें होय, आणि हें न समजण्याइतके ते लोक भोळे नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकें चाललेला एवढा मोठा विहार दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें चालला नसता.

पुढील काळाचा वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. १८३९ सालीं डॉ. बर्ड यांस तेथील एका स्तूपांत जो ताम्रपट मिळाला तो त्रैकूटकांच्या राज्यांतील, संवत् २४५ चा, म्हणजे इ. स. ४९४-९५ च्या सुमाराचा. सिंधु देशाहून आलेल्या बुद्धरुचि नांवाच्या गृहस्थानें कृष्णगिरीच्या महाविहारांत चैत्य बांधल्याचें त्यांत नमूद आहे. नवव्या शतकांत राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या व त्याचे मांडलिक शिलाहार पुल्लशक्ति आणि कपर्दी यांच्या वेळचे तीन लेख असून त्यांत द्रम्मांच्या ठेवी ठेवून पूजा, विहाराची डागडुजी, चीवरें व पुस्तकें यांची सोय केली आहे. पुस्तकांसाठीं निराळी रक्कम तोडून ठेवणारे ते दाते आठवले म्हणजे हल्लींच्या शाळांचे चालक आठवतात. तें प्रकरण येथें नको. १००९ व १०२१ या वर्षीं कांहीं पारशी यात्रेकरू येथें येऊन गेले व त्यांनीं पहलवी लिपींत आपलीं नांवें भिंतीवर कोरून ठेवलीं. यानंतर डोंगर हळूहळू मुका होत जातो. विहार ओस पडला, टाक्यांत पाला साचला, आणि रान लेण्यांच्या पायऱ्यांवर चढलें.

म्हणजे आज जें रान दिसतें तें मनुष्यानें कधीं न तुडविलेलें नव्हे; मनुष्य गेल्यानंतर परत आलेलें आहे. हा भेद लहान नाहीं.

डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या खालचा मुलूख पोर्तुगीजांस तहानें दिला, त्यांत साष्टी गेली. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं कान्हेरीच्या चैत्याचें देवालय केलें. झुआंव द कास्त्रु यानें १५३८-३९ च्या सफरींत लेणीं पाहून वर्णन लिहिलें. गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालच्या आपल्या औषधीविषयक ग्रंथांत त्यांचा उल्लेख केला. दियोगु द कूतु यानें एका पाद्र्याच्या भुयारांतील भटकंतीची कहाणी नमूद करून ठेवली. १६७५ मध्यें फ्रायर हा इंग्रज वैद्य येऊन गेला, १७६० मध्यें आंकेतील द्युपेराँ हा फ्रेंच पंडित आला. हे सारे लोक एका ओसाड दगडी नगराचें आश्चर्य करतात. पण पायथ्याच्या गांवीं शेती, ताडमाड व मीठ यांचे धंदे चालूच होते, आणि महिकावतीच्या बखरींत (जी कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली) साष्टीच्या गांवांचीं व वतनांचीं नांवें आढळतात. १७३७ च्या वसंतांत चिमाजीआप्पांच्या फौजांनीं ठाणें घेतलें व साष्टी स्वराज्यांत आली; मे १७३९ मध्यें वसई पडली. ही मराठ्यांची साष्टी पुरती चाळीस वर्षेंहि टिकली नाहीं. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें बेट कायमचें त्यांच्याकडे राहिलें. इतक्या वेळां धनी बदलले कीं रयत विरळ झाली. १८२५ मध्यें बिशप हेबर कान्हेरीस गेले तेव्हां मुंबईच्या इतक्या जवळ असूनहि हें बेट सुधारणेवांचून पडलें आहे याचें त्यांस नवल वाटलें. त्यांस जें दैन्य वाटलें तेंच पुढें वनाच्या कामीं आलें.

कारण मुंबई तहानेली होती. विहिरी व तळीं यांवर जगणाऱ्या त्या शहरावर १८५४ सालीं पाण्याचा भयंकर दुष्काळ आला. तेव्हां सरकारची दृष्टि साष्टीच्या डोंगराकडे वळली. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअराच्या योजनेप्रमाणें मिठी नदीच्या उगमाशीं विहार गांवाजवळ बांध घालून १८६० सालीं मुंबईस नळानें पाणी नेलें. हिंदुस्थानांतील नगरांना नळानें पाणी पुरविण्याच्या आरंभींच्या मोठ्या कामांत याची गणना होते. तें अपुरें पडल्यावर १८७२ सालीं तुळशीचें काम हातीं घेऊन १८७९ सालीं तें पुरें केलें. तुळशीचा तलाव कान्हेरीपासून दोन-तीन किलोमीटरांवर, त्याच डोंगरांत आहे. बौद्धांनीं जी गोष्ट प्रत्येक लेण्याच्या तोंडाशीं केली, तीच इंग्रजांनीं खोऱ्याच्या तोंडाशीं केली; तत्त्व एकच. पावसाचें पाणी डोंगरावरच अडवावयाचें व वरचा उतार स्वच्छ ठेवावयाचा. तलावाचें पाणी पिण्याचें असल्यानें त्याच्या वरच्या अंगास शेती, गुरें व वस्ती नको, हा नियम ओघानेंच आला. तलावांच्या भोंवतालची झाडी राहिली ती कोणा निसर्गप्रेमी माणसाच्या कळवळ्यानें नव्हे, तर मुंबईच्या नळास गढूळ पाणी येऊं नये म्हणून. १८९० सालचा पवईचा तलाव याच डोंगराच्या पायथ्याशीं आहे. पण त्याचें पाणी पिण्यास निरुपयोगी ठरलें, त्याच्या पाणलोटाची राखण कोणी केली नाहीं, आणि आज त्याच्या कांठीं रान नसून इमारती आहेत. विहार-तुळशी व पवई यांची तुलना करून पाहावी. आमच्या म्हणण्यास याहून स्पष्ट पुरावा नको.

असाच प्रकार आमच्या नागपुरांत झालेला आहे. १९१२ च्या सुमारास गोरेवाडा तलावाचें पाणी शहरास मिळूं लागलें. त्याचा पाणलोट राखला गेला, म्हणून शहराच्या अगदीं कडेला तेथें झाडी उरली. २०२१ मध्यें त्याच रानांत प्राणिसंग्रहालय उघडलें. पाण्याच्या राखणींत रान वांचतें, हा कांहीं केवळ साष्टीचाच नियम नव्हे.

मात्र या राखणीची किंमत कोणी दिली, हें इतिहासकारानें सांगितलें पाहिजे. १८७८ च्या जंगलाच्या कायद्यानंतर ठाणें जिल्ह्यांत वारली, काथोडी, कोळी, आगरी अशा लोकांचा सरकारी जंगलखात्याशीं सतत तंटा चालला. भाताचें रोप लावण्यापूर्वीं जमिनीवर टहाळ, पाला व शेण पसरून ती भाजावयाची, या पद्धतीस राब म्हणतात. राबास टहाळ लागतो, टहाळ झाडाचा, आणि झाड आतां सरकारचें. तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें व त्याचा अहवाल १८८७ सालीं आला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेचे त्या काळचे हाल समजून घेण्यास हें उत्तम साधन आहे; आमच्या तरुण संशोधकांनीं तें अजून जितकें वापरावें तितकें वापरलेलें नाहीं.

उद्यानाच्या स्थापनेचा वृत्तान्त असा. आरंभीं याचें क्षेत्र अवघें २०.२६ चौरस किलोमीटर असून नांव कृष्णगिरि राष्ट्रीय उद्यान असें होतें. १९६९ मध्यें शेजारचीं राखीव जंगलें जोडून तें वाढविण्यांत आलें. पुढें बोरिवली राष्ट्रीय उद्यान हें नांव झालें आणि १९८० नंतर सध्यांचें. नांवें बदलण्याचा अधिकार राज्यकर्त्यांचा. पण पंधराशें वर्षांपूर्वींच्या ताम्रपटांतलें नांव जेथें आयतें चालून आलें होतें तेथें तें ठेवलें असतें, तर शाळेंतल्या पोरासहि डोंगराचें वय कळलें असतें.

आतां या रानांत काय आहे तें पाहूं. साग, खैर, कदंब, शिसव, पळस, पांगारा, काटेसावर, करंज हे वृक्ष. त्यांच्या खालीं उतारावर कारवी. ही कारवी आठ वर्षांनीं एकदां फुलते. २००८, २०१६ व २०२४ या वर्षीं पावसाळ्याच्या शेवटीं सारा उतार जांभळा झाला होता. तीन बहर पाहिलेला मनुष्य म्हणजे कारवीच्या पंचांगाप्रमाणें चोवीस वर्षांचा. चितळ, सांबर, भेंकर, पिसोरी, साळिंदर, वानर व माकडें आहेत. विहार व तुळशीच्या तलावांत मगरी आहेत. पक्ष्यांच्या सुमारें अडीचशें जाती नोंदल्या आहेत, आणि पहिल्या पावसाबरोबर नवरंग पक्षी दाखल होतो. वाघ मात्र गेला. साष्टींत वाघ मारला गेल्याची शेवटची प्रसिद्ध नोंद १९२९ सालची आहे.

वाघाची गादी बिबळ्यानें चालविली. संस्कृतांत बिबळ्यास ‘द्वीपिन्’ असा शब्द आहे. ‘द्वीप’ हा शब्द द्वि आणि अप् यांपासून होतो, ज्याच्या दोन्ही बाजूंस पाणी तें द्वीप. आणि ज्याच्या अंगावर द्वीपांसारखे ठिपके तो द्वीपी. ज्या बेटावरील रान पुन्हा शहराच्या समुद्रांत बेट होऊन राहिलें, तेथें या प्राण्यानेंच टिकावें हा योगायोग कोशकारांस सुचलेला नव्हता. २०१५ सालीं कॅमेऱ्यांच्या साह्यानें केलेल्या गणनेंत उद्यान व त्याचा परिसर मिळून ३५ बिबळे ओळखतां आले. इतक्या दाट वस्तीच्या इतक्या निकट एवढे बिबळे जगांत फार थोड्या ठिकाणीं असतील. २००२ ते २००४ या काळांत माणसांवर हल्ले झाले, जून २००४ हा महिना तर अत्यंत वाईट गेला. तेव्हां लोकांची मागणी एकच होती कीं, बिबळे पकडून दूर नेऊन सोडा. परंतु पकडून दुसरीकडे सोडल्यानें तंटा मिटत नाहीं, उलट वाढतो, असें जुन्नरच्या अनुभवावरून अभ्यासकांनीं दाखविलें. पुढें पकडणें कमी झालें, कचरा व मोकाट कुत्रीं यांकडे लक्ष गेलें, आणि हल्ले उतरले.

हा शोध नवा म्हणून सांगतात. वारल्यांस तो जुना आहे. उद्यानाच्या व आरेच्या पाड्यांतून वाघोबाचीं स्थानें आहेत; लांकडाच्या वा दगडाच्या पाटीवर वाघ, त्याच्या वर चंद्र-सूर्य, पुढें शेंदूर. आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस करतात, वाघोबास नैवेद्य देतात, आणि गुरांस व माणसांस सांभाळ अशी विनंती करतात. त्यांत वाघास हांकून देण्याची गोष्ट नाहीं. हद्द ठरवून घेण्याची आहे. हें लोकदैवत म्हणजे शेजारधर्माचा एक अलिखित करार होय, आणि तो कोणत्याहि ताम्रपटापेक्षां अधिक नियमानें दरसाल ताजा केला जातो.

या पाड्यांचा प्रश्न आज न्यायालयांत व सरकारी कचेऱ्यांत अडकून पडला आहे. १९९५ मध्यें उद्यानांतील अतिक्रमणांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज झाला व १९९७ मध्यें अतिक्रमणें काढण्याचा हुकूम झाला. हजारों झोंपड्या हलल्या. रानाच्या दृष्टीनें तो हुकूम आवश्यक होता, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. पण काल पत्र्याची भिंत उभी करणारा आणि पिढ्यानपिढ्या नवापाडा, तुमणीपाडा किंवा रावणपाडा येथें राहणारा, या दोघांस एकाच शब्दानें संबोधणें हें इतिहासाला धरून नाहीं. २००६ च्या वनहक्काच्या कायद्यानें हा भेद मान्य केला आहे. दाखले मागतांना मात्र कागदच मागतात, आणि ज्यांच्या पूर्वजांनीं राब भाजला त्यांच्याजवळ कागद नसतो. दगडावर कोरलेलें तेवढेंच खरें मानावयाचें, तर या बेटाचा अर्धा इतिहास फेंकून द्यावा लागेल. हें म्हणणारा मनुष्य आयुष्यभर शिलालेखांचाच अभिमानी राहिला आहे, हें वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.

दुसऱ्या बाजूनें, रानास रिकामी जागा समजणाऱ्यांचाहि हिशेब पाहिला पाहिजे. विहार व तुळशी हे तलाव आज मुंबईच्या पाण्याच्या शंभरांत जेमतेम तीन भाग पुरवितात. तानसा (१८९२), वैतरणा व भातसा यांनीं मोठा भार उचलला. तेव्हां या पाणलोटाचें आतां काय काम, असा प्रश्न उघड विचारला जातो. याचें उत्तर २६ जुलै २००५ रोजीं मिळालें. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि विहारपासून निघणारी मिठी नदी, जिचा मार्ग शहरानें दाबून अरुंद केला होता, ती घराघरांतून वाहिली. उगमाशीं रान नसतें तर काय झालें असतें याची कल्पना करवत नाहीं. उद्यानाच्या दक्षिणेस १९४९ सालीं वसविलेल्या आरे दूध वसाहतींत मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठीं ऑक्टोबर २०१९ मध्यें रातोरात झाडें तोडलीं गेलीं, तेव्हां मुंबईचे तरुण रस्त्यावर उतरले. त्यानंतर तेथील आठशें एकरांहून अधिक जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. कारशेड मात्र अखेर तेथेंच झाली.

मागाठाण्याची गोष्ट सांगून हा लेख संपवितों. ज्या मंगलठाणच्या शेताच्या उत्पन्नावर कण्हसेलावरील भिक्षूचें चीवर चाले, तेथेंहि लहानशीं बौद्ध लेणीं आहेत. त्यांच्या सभोंवतीं झोंपड्या उभ्या राहिल्या असून शिल्पें झिजून गेलीं आहेत. शेत अर्थातच नाहीं. २०२२ पासून त्या नांवाचें मेट्रोचें स्थानक आहे, आणि तेथें उतरून पूर्वेकडे पाहिलें असतां इमारतींच्या फटींतून कृष्णगिरीची कड दिसते. वर लेण्यांच्या तोंडाशीं कांहीं पोढींत अजून पावसाचें पाणी सांठतें.